वाजणारं डाळिंब

बारामतीजवळच्या जळोचीला माझ्या घरामागे एकच झाड आहे, डाळिंबाचं, आणि त्यावरून शेजारच्या पल्लवीची आणि माझी दर वर्षी जुंपते. फळांना लाली चढली की ती कुंपणापाशी येऊन उभी राहते. "मॅडम, तोडा की आता. पाखरं खाऊन जातील." मी म्हणते, खाऊ देत. लाल दिसलं म्हणजे पिकलं असं समजणारी माणसं पुष्कळ फसतात, आणि फसून वर फळालाच नावं ठेवतात. मग ती मोबाइल पुढे करते. त्यात टोपी घातलेला एक माणूस बागेत उभा राहून सांगत असतो की डाळिंब झाडावरून उतरवलं की त्याचं पिकणं तिथेच थांबतं, आंब्यासारखं अढीत घालून ते गोड होत नाही, म्हणून तोडीचा दिवस चुकला की सगळंच चुकलं. हे अगदी खरं आहे. पुढे तो खुणा सांगायला लागतो. फळाचा मुकुट आत वळतो म्हणतो, गोलाई मोडून बाजू चपट्या होतात म्हणतो. त्याही खऱ्याच. शेवटची खूण येण्याआधी मात्र मी मोबाइल पल्लवीच्या हातात देते आणि गॅसवर दूध आहे असं काहीतरी सांगून घरात येते. ती खूण मला ठाऊक आहे. तिच्यापायी मी माझ्या बापाचं नाव घालवलं. शाळेतून निवृत्त होऊनही आता काही वर्षं झाली, आणि ज्यांना ही गोष्ट माहीत होती त्यांतलं कुणी उरलेलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

आम्ही बागवान, जातीनं आणि धंद्यानंही. इंदापुरात आमचं दोन खोल्यांचं घर आणि पुढे पत्र्याची लांबलचक पडवी. माझ्या वडिलांच्या, म्हणजे अब्बांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती, पण आजूबाजूच्या बागा त्यांच्या तोंडाकडे बघत असत. शेतकरी झाड लावी, पाणी घाली, राखण करी, पण तोड कोणत्या दिवशी हे करीमभाई बागवान सांगणार. मग ते फळ पेट्यांत भरून बाजारात धाडायचं कामही तेच करत. पडवीत बारा महिने वाळलेल्या गवताचा आणि फळांचा मिळून एक वास असे, तो माझ्या दप्तराला, गणवेशाला, केसांना लागलेला असायचा. वर्गातल्या मुली म्हणायच्या, नसीम आली की भूक लागते. त्यांना वाटे, ही रोज टोपलीभर फळं खात असणार. प्रत्यक्षात आमच्या घरात चांगलं फळ कुणी कधी खाल्लं नाही. चांगलं ते बाजाराचं आणि डागी ते घरचं, हा आमच्याकडचा कायदा होता. अम्मा चिलटं हाकलत हाकलत डागाचा भाग सुरीनं उडवायची आणि उरलेलं ताटलीत घालायची. अख्खं बिनडागाचं सीताफळ मी पहिल्यांदा एकटीनं खाल्लं ते लग्नानंतर, आणि तेही चोरी केल्यासारखं पाठ फिरवून खाल्लं. कच्ची, उललेली डाळिंबं घरी आली की अम्मा त्यांचे आंबट दाणे लसूण आणि हिरव्या मिरचीबरोबर पाट्यावर वाटायची. ज्वारीच्या गरम भाकरीवर ती चटणी घेतली की दुसरं कालवण लागत नसे. त्या चटणीबद्दल पुढे लिहायचं आहे.

अब्बांची खरी ख्याती होती ती डाळिंबात. ते फळाखाली डावा तळवा धरत, उजव्या हाताच्या मधल्या बोटानं टिचकी मारत आणि मान किंचित तिरकी करून ऐकत. पिकलेलं डाळिंब खणकन वाजतं. कच्चं असेल तर बद्द आवाज येतो, चिरलेल्या मडक्याचा येतो तसा. या दोन आवाजांच्या मध्ये आणखी चारपाच आवाज आहेत, आणि त्यांवरून आठ दिवस थांबायचं की पंधरा, हे अब्बा सांगत. सुरी घेऊन फळ फोडून बघणं त्यांना कमीपणाचं वाटे. "फोडून तर गाढव बी सांगंल," असं ते म्हणत. मी सात-आठ वर्षांची असल्यापासून पडवीत बसवून ते मला डोळे मिटायला लावत आणि एकामागून एक फळं वाजवत. ओळखलं की शाबासकी म्हणून एक डागी फळ मिळे. अम्मालाही त्यांनी शिकवून पाहिलं होतं, पण तिला सगळीच फळं सारखी वाजल्यासारखी वाटत. "तुमच्या बापलेकीचा काहीतरी चावटपणा हाय ह्यो," असं म्हणून ती चुलीकडे निघून जायची.

मी नववीत असताना अब्बांना ताप आला होता. बरेच दिवस अंथरुणावर होते. त्यातून उठले ते थोडे वाळलेले आणि थोडे गप्प असे उठले, एवढंच मला वाटलं. मग एकदा लोणी देवकरच्या बाजूला एका बागेत त्यांच्याबरोबर गेले असताना त्यांनी टिचकी मारली आणि मला विचारलं, "कसं वाजलं?" मी सांगितलं. पुढच्या झाडावर पुन्हा विचारलं. मला वाटलं, परीक्षा घेताहेत. मीही ऐटीत उत्तरं देत गेले. सातव्या-आठव्या झाडापाशी मी थट्टा करायची म्हणून मुद्दाम चुकीचं सांगितलं, फळ खणखणीत वाजलेलं असताना मी म्हणाले, बद्द आहे. आता टपली बसणार म्हणून मी मान खाली घातली. टपली बसलीच नाही. अब्बांनी ते फळ सोडलं आणि ते पुढच्या झाडाकडे चालायला लागले. मी तिथेच उभी राहिले. त्यांच्या पाठीमागून हाक मारली, "अब्बा." ते चालतच राहिले. आणखी मोठ्यानं मारली. पलीकडच्या बांधावरच्या बाईनं वळून पाहिलं, अब्बांनी नाही.

त्या दिवशी एस.टी.त बसल्यावर ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "घरी अम्माला ठावं हाय. भाईर कुणाला सांगू नगंस. भैऱ्या बागवानाला कोन बोलावनार?" मोठ्यानं बोललेलं लोकांना ऐकू जाईल म्हणून ते इतक्या हळू बोलत होते की मला त्यांचे ओठ पाहावे लागले. मी मान हलवली. आणि मग आम्ही दोघांनी एक पद्धत बसवली. डाळिंब कधी ओढून तोडत नाहीत, देठापाशी कात्रीनं कापतात. ती कात्री मी धरायची. अब्बा टिचकी मारणार. फळ वाजलं तर मी कात्री त्यांच्या हातात द्यायची, नाही वाजलं तर माझ्याकडेच ठेवायची. बघणाऱ्याला वाटावं, लेक बापाला मदत करते आहे. दोन वर्षं हे असंच चाललं. शेतकरी म्हणायचे, करीमभाई आता पहिल्यापेक्षा पारखून सांगतात. अब्बा हसायचे. समोरचा काय म्हणाला हे त्यांना निम्मं कळलेलं नसे, पण हसायचं कुठे हे बरोबर कळे. मला त्या वेळी या सगळ्याचा अभिमान वाटत होता हे कबूल करते. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीच्या कानावर बागा उतरत होत्या, आणि ते घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं.

अभिमान जुना झाला की त्याचं ओझं होतं. दहावीचा निकाल लागला आणि काही आठवड्यांनी आमच्या शाळेतल्या जोशीबाई घरी आल्या. बारामतीला मुलींना शिक्षिका करणारं विद्यालय होतं, राहायची सोय होती, माझे गुण पुरत होते. बाईंनी अर्ज भरून पाठवलाही होता आणि माझं नाव यादीत लागलं होतं. येत्या सोमवारी हजर झालं नाही तर जागा दुसरीला जाणार होती. हे सगळं बाईंनी अब्बांसमोर बसून, हातवारे करत, सावकाश सांगितलं. अब्बांनी सगळं ऐकल्यासारखं केलं, बाईंना चहा दिला, बिनडागाचे चार पेरू पिशवीत घालून दिले. त्या गेल्यावर मला म्हणाले, "जा की. शिक. पर सोपानतात्याला शबुद दिलाय म्या. तेची बाग उतरली की दुसऱ्या दिशी सोता सोडतो तुला बारामतीला."

"आणि सोमवारपर्यंत नाही उतरली तर?" मी त्यांच्या समोर जाऊन विचारलं.

"तर पुढल्या वर्सी," ते म्हणाले, आणि गवत झाडायला लागले.

पुढच्या वर्षी म्हणजे कधीच नाही, हे आमच्या गल्लीतल्या कुठल्याही मुलीला समजत होतं. पुढच्या वर्षापर्यंत एखादं स्थळ आलं असतं. अब्बा खोटं बोलत होते असं नाही. त्यांना माझ्याशिवाय ती बाग सांगता येणार नव्हती, एवढंच. पण मी त्या रात्रभर तळमळले आणि मला पहिल्यांदाच असं वाटलं की माझे कान कापून त्यांना देऊन टाकावेत आणि आपण निघून जावं.

सोपानतात्यांची बाग लोणी देवकरच्या शिवारात होती. आता तिथे कारखान्याची निळी शेड आहे आणि तिच्यासमोर कामावर येणाऱ्यांच्या मोटारसायकली लागतात. मी कधी त्या बाजूनं गेले तर खिडकीकडे बसत नाही. तात्या म्हणजे उंच, सावळा, कमी बोलणारा माणूस. डाळिंबाची नवी तांबडी जात आमच्या भागात पहिल्यांदा त्यांनी लावली. उन्हाळ्यात विहीर खाली गेली तेव्हा ते आणि त्यांच्या घरच्या हौसाकाकू कळशीनं पाणी आणून एकेका बुंध्याशी ओतत. ऊन लागून फळं करपू नयेत म्हणून काकूंनी स्वतःची, नणंदांची, वस्तीवरच्या सगळ्या बायांची जुनी लुगडी झाडांवर पांघरली होती. लांबून बघितलं तर शेतात बायकांची सभा भरल्यासारखी दिसे. बागेचं ते पहिलंच पीक होतं, आणि पहिल्या पिकाची त्यांच्याकडे एक रीत होती. पहिली तोड पुरी झाल्याशिवाय फळाला सुरी लावायची नाही. सगळी बाग उतरली की एक फळ मारुतीला, एक टेकडीवरच्या पिराला, आणि मग वस्तीवरच्या सगळ्यांनी मिळून पहिली फळं फोडायची. म्हणजे त्या बागेत आत काय आहे हे तोडीआधी सांगू शकणारं एकच साधन होतं, अब्बांचा कान. हौसाकाकू मला म्हणाल्या होत्या, "तुझ्या बापाच्या बोटावर आमी लुगडी पांघरली बग, पोरी."

शुक्रवारी सकाळी आम्ही गेलो. वस्तीवरची सगळी माणसं जमली होती, पाट्या आणि पेट्या तयार होत्या, काकूंनी चुलाणावर पुरणाचा हंडा चढवला होता. लुगडी काढलेली झाडं तांबड्या फळांनी भरलेली होती. डोळ्यांना विचारलं असतं तर डोळे हो म्हणाले असते. या जातीची हीच खोड होती, रंग आधी यायचा आणि गोडी मागून. तात्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "करीमभाई, बगा. तुमी म्हनाल तसं."

अब्बांनी पहिल्या झाडाच्या आतल्या अंगाचं एक फळ तळव्यात धरलं आणि टिचकी मारली. बद्द. शंकाच नको इतकं बद्द. पंधरा दिवस तरी थांबायला हवं होतं, कदाचित तीन आठवडे. मी कात्री मागेच धरली. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं नाही, ते दुसऱ्या झाडाकडे गेले. तिथेही तेच. तिसऱ्या झाडापाशी माझ्या डोळ्यांसमोर बारामतीच्या त्या विद्यालयाची इमारत आली, जी मी तेव्हा पाहिलीही नव्हती. सोमवार आला आणि गेला असं मला दिसलं. अब्बांनी टिचकी मारली. फळ बद्द वाजलं. मी कात्री पुढे केली.

अब्बांनी ती लगेच घेतली नाही. त्यांनी पुन्हा टिचकी मारली. मग स्वतःच्या बोटाकडे पाहिलं, ते अंगठ्यावर चोळलं आणि तिसऱ्यांदा मारली. माझा हात तसाच पुढे होता. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी नजर वळवली नाही. मग त्यांनी कात्री घेतली, देठ कापला आणि फळ डोक्याच्या वर धरून म्हणाले, "तात्या, तोडा."

त्यानंतरचे दोन-तीन तास मी पाट्या वाहिल्या. मी इतकं काम कधी केलं नव्हतं. कुणीतरी म्हणालं, बागवानाची पोर लई चपळ हाय. बाया गाणी म्हणत होत्या, कात्र्या चालत होत्या, बांधावर तांबड्या फळांची रास वाढत होती, आणि मला वाटत होतं की अजून थांबवता येईल, हे झाड झालं की सांगू, ते झाड झालं की सांगू. मी सांगितलं नाही. झाडं संपली. मारुतीचं फळ गेलं, पिराचं फळ गेलं. मग तात्यांनी राशीतलं सगळ्यांत मोठं फळ उचललं, सुरीनं चीर दिली आणि दोन्ही अंगठे घालून ते उघडलं.

दाणे पांढुरके होते. कडेनं थोडी गुलाबी झाक, बस. तात्यांनी दुसरं फळ फोडलं, तिसरं फोडलं. बायांचं गाणं कधी थांबलं ते कळलं नाही. हौसाकाकूंनी एक फोड घेतली, चार दाणे तोंडात टाकले आणि डोळे मिटून ते चावून गिळले. "आंबट हाय थोडं," त्या म्हणाल्या, "पर चांगलं हाय." त्या बाईनं ते का म्हटलं असेल, याचा विचार मी आयुष्यभर केला आहे. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

तात्या अब्बांकडे वळले. हातातलं फोडलेलं फळ त्यांनी राशीवर ठेवलं. वस्तीवरच्या एका तरण्यानं मात्र तोंड सोडलं. "आवो करीमभाई, वाजवून सांगत हुता न्हवं? का वाजलंच न्हाय तुमास्नी?" त्याला काही माहीत नव्हतं, त्यानं नुसतं टोचायला म्हटलं. अब्बांना ते ऐकू आलं नसेल, पण चेहरे दिसत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एकदाच. माझ्या तोंडावर काय होतं ते मला माहीत नाही. मग त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा मोठ्या, बहिऱ्या माणसाच्या बेसूर आवाजात ते बोलले. तो आवाज त्यांनी दोन वर्षं लोकांपासून लपवला होता. "तात्या, माजा कान गेलाय. तापात गेला. दोन वर्सं झाली, म्या कुनाला सांगितलं न्हाय. चूक माजी हाय. ह्या पोरीला काय इचारू नगा, ती नुसती कात्री धरती."

ती नुसती कात्री धरते. हे वाक्य मी पुढे कितीतरी वर्षं फळ्यासमोर उभी असताना, मुलांच्या वह्या तपासताना, लग्नाच्या मांडवात, कुठेही ऐकलं आहे.

आम्ही घरी आलो. पेट्यांतली काही फळं अब्बांनी आपल्याकडे घेतली होती, ती पडवीत रचली. अम्मानं एक फोडून पाहिलं, अब्बांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पाटा धुवायला घेतला. सोमवारी सकाळी अब्बांनी माझी पत्र्याची पेटी डोक्यावर घेतली आणि एस.टी.नं मला बारामतीला सोडलं. विद्यालयाच्या दारात मी त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, "बाग उतरली की सोडतो म्हनलो हुतो," आणि परत वळले. मी त्यांच्या पाठीवर हाक मारली नाही. मारून काय होणार होतं.

पंधरा दिवसांनी गावाकडचं कुणीतरी आलं त्याच्या हाती अम्मानं बरणी पाठवली. डाळिंबाच्या आंबट दाण्यांची चटणी. माझ्या खोलीतल्या मुलींनी ती बोटं चाटून खाल्ली, संपल्यावर म्हणाल्या, नसीम, आणखी मागव ना. मी मागवली नाही, तरी त्या मोसमात आणखी दोनदा आली. मी एकदाही चाखली नाही. आजही माझ्या स्वयंपाकघरात ती होत नाही, आणि मुलांना त्याचं कारण मी पित्त असं सांगितलेलं आहे.

अब्बांना त्यानंतर कुणी बागेत बोलावलं नाही. तात्यांनी कधी वाकडा शब्द काढला नाही, वाटेत भेटले की थांबत, हातानं खुशाली विचारत. पण पुढच्या तोडीला त्यांनी दुसरा माणूस आणला, आणि त्यांचं काय चुकलं? अब्बा बाजारात हातगाडीवर फळं विकायला लागले. लोक त्यांना भैरा करीम म्हणत, तोंडावर म्हणत, कारण ऐकू जायचं नाही. मी शिक्षिका झाले, नोकरी लागली, लग्न झालं, जळोचीला घर बांधलं. अम्मा गेल्यावर अब्बांना माझ्याकडे आणलं. तोवर ते ठार बहिरे झाले होते. किती वेळा मी त्यांच्या खाटेशी बसून, मान खाली घालून हळू आवाजात सगळं सांगितलं असेल, त्याला गणती नाही. ते माझ्याकडे बघून हसत आणि विचारत, "चा केला का?" हळू बोलायची माझी हिंमत होती, मोठ्यानं बोलायची नव्हती. बहिऱ्या माणसाची माफी कुजबुजून मागता येत नाही, ओरडूनच मागावी लागते, आणि ओरडून स्वतःचं पाप सांगायला फार मोठं काळीज लागतं.

घरामागचं डाळिंब त्यांनीच लावलं. चौथ्या वर्षी त्याला पहिली फळं धरली. तांबडीच जात. एके सकाळी ते काठी टेकत झाडापाशी गेले, मी मागोमाग कात्री घेऊन गेले, कारण त्यांनी खुणेनं मागितली होती. त्यांनी डावा तळवा फळाखाली धरला आणि टिचकी मारली. ऐंशीच्या आसपासचा तो माणूस, त्याची मान अजून तशीच तिरकी झाली. फळ खणकन वाजलं. त्यांनी उजवा हात माझ्याकडे पुढे केला.

आणि माझ्यानं राहवलं नाही. मी ओरडले. "अब्बा, तात्याची बाग कच्ची होती! मला कळलं होतं! मी मुद्दाम कात्री दिली!" कुंपणापलीकडे पल्लवीच्या सासूबाई धुणं वाळत घालत होत्या, त्यांचे हात वरच राहिले. मी तेच पुन्हा ओरडले, एकेक शब्द सुटा करून, वर्गात सांगते तसा. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं.

अब्बा माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हायती हाय."

मी पदरानं तोंड पुसलं. त्यांनी आपलं मधलं बोट वर करून मला दाखवलं. नखाखाली माती होती. "टिचकी नुसती कानाला कळती व्हय? बोटाला बी कळती. बोट माजं न्हाय म्हनत हुतं. तीन डाव न्हाय म्हनलं."

"मग का तोडलं?" मी ओरडले.

"तू कात्री दिलीस की." त्यांना त्यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना. "मला वाटलं, बोट म्हातारं झालं आसंल. पोरगी कशाला खोटं सांगंल? फळ फोडलं तवा कळलं, बोट बराबर हुतं."

एवढं बोलून ते दमले. थोडा वेळ काठीवर रेलून उभे राहिले. मला वाटलं, आता घरात जातील. पण डावा तळवा फळाखाली तसाच होता, आणि उजवा हात त्यांनी पुन्हा माझ्यापुढे धरला.

"ह्ये वाजलं का?"

वाजलं होतं. मी मान हलवली आणि कात्री त्यांच्या हातात दिली. त्यांनी दुसऱ्यांदा टिचकी मारून पाहिली नाही.